पाकीट फाडून डब्यात ओतण्याआधी: परत मागवलेला माल आणि रोजच्या धोक्याच्या सूचना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी ग्राहक मार्गदर्शनाचं टेबल लागतं. टेबल कसलं, कॅरमचा बोर्ड उलटा टाकून त्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं असतं. येणारा माणूस खुर्चीत बसायच्या आधी मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "हे खरं आहे का हो?" तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की शेवटी लिहून काढले.

रिकॉल म्हणजे बंदीच ना?

नाही. तीन वेगळ्या गोष्टींची इथे खिचडी होते. बंदी आली की ती वस्तू कुणी बनवायचीही नाही आणि विकायचीही नाही. रिकॉलमध्ये बाजारात गेलेला आणि तुमच्या घरात पोचलेला ठराविक माल परत मागवला जातो. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला 'मानकानुसार नाही' अशा औषधांची यादी काढते आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो, "तापाच्या गोळ्या फेल". यादी उघडून बघा. तिथे एका औषधाच्या एका बॅचचा, म्हणजे एका खेपेत बनवलेल्या मालाचा, नमुना नापास झालेला असतो. कधी गोळी पाण्यात विरघळायला जास्त वेळ घेते, कधी औषधाचं प्रमाण थोडं कमी भरतं. तो बॅच वापरायचा नाही हे बरोबर, पण घरातल्या सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकायचं कारण नाही. बीपीची किंवा साखरेची गोळी अशा बातमीवरून बंद करणारे लोक मी पाहिलेत. तो धोका त्या यादीतल्या दोषापेक्षा मोठा असतो.

'बनावट' हा शब्द मात्र दिसला तर सावध व्हा. दुसऱ्याच कुणीतरी नामांकित कंपनीचं नाव छापून माल विकला, असा त्याचा अर्थ.

माल परत मागवायचा आदेश कोण काढतं?

बऱ्याचदा कंपनी स्वतःहूनच. नाही काढला तर अन्नपदार्थांसाठी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली एफएसएसएआय, म्हणजे केंद्राची अन्न सुरक्षा संस्था, आणि आपल्याकडे राज्याचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए. औषधांसाठी केंद्राची संघटना आणि पुन्हा एफडीए. गाड्यांसाठी रस्ते वाहतूक मंत्रालय. बाकी कुकर, खेळणी, हीटर वगैरेंसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून जुलै २०२० मध्ये उभं राहिलेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण.

आमच्याकडे तेच औषध आहे, पण बॅच वेगळा. देऊ का?

हा प्रश्न ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्यात जास्त आला, 'कोल्ड्रिफ'च्या वेळी. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याचं हे औषध घेतलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. छिंदवाड्याला मोठं इस्पितळ म्हणजे नागपूरच जवळचं, त्यामुळे कित्येक मुलं नागपुरात आणली गेली. वीसहून अधिक मुलं दगावली. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के सापडलं. मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे बाटलीत जवळजवळ निम्मं विषच.

असं होतं कसं? पातळ औषधात मूळ औषध विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागतं. औषधाच्या दर्जाचा माल महाग पडतो, कारखान्यांना लागणारा स्वस्त असतो आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असू शकते. दोन्ही बिनरंगी, दोन्ही चवीला गोडसर. पिंपावरचं लेबल खरं मानलं आणि तपासणी टाळली की झालं. महाराष्ट्राला हे नवं नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असंच भेसळीचं ग्लिसरीन दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच नेमला होता. तेव्हाही विष हेच होतं. जवळपास चाळीस वर्षांनी पुन्हा पिंप न तपासताच पातेल्यात ओतलं गेलं, याचा मला अजून राग येतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सर्वसाधारणपणे सूचनेत जो बॅच आहे तेवढाच परत मागवलेला असतो आणि बाकीचा माल वापरायला हरकत नसते. पण दोष कच्च्या मालात किंवा कारखान्याच्या कामातच असेल तर बॅचवर भरवसा ठेवू नका. कोल्ड्रिफच्या बाबतीत महाराष्ट्राच्या एफडीएने आधी एसआर-१३ बद्दल इशारा दिला, तर तमिळनाडू आणि मध्य प्रदेशाने ते औषधच थांबवलं. लहान मुलांचं औषध असेल आणि मनात शंका असेल तर देऊ नका. पुढचं उत्तर वाचा म्हणजे कळेल की बहुतेक वेळा काही बिघडतही नाही.

मग पोराला खोकला झाला तर द्यायचं तरी काय?

३ ऑक्टोबर २०२५ च्या केंद्र सरकारच्या सूचनेनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही शक्यतो नाहीत. लहानग्यांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. पाणी, आराम, एक वर्ष पूर्ण झालेलं असेल तर चमचाभर मध. एक वर्षाच्या आत मध नको, आजीने कितीही आग्रह केला तरी. श्वास भरभर चालला असेल, मूल दूध घेत नसेल, सुस्त पडलं असेल तर थेट डॉक्टरकडे. औषध सुरू केल्यावर उलट्या होऊ लागल्या आणि लघवी कमी झाली तर औषध थांबवा आणि बाटली बरोबर घेऊन इस्पितळात जा.

बॅच नंबर बघायला गेलो, पण पाकीट तर केव्हाच फेकलं.

या टेबलावरचं माझं सगळ्यात मोठं दुखणं हेच. आपली घरं डब्यांची घरं आहेत. बाजारातून पिशवी आली की ती कात्रीने कापायची, डाळ स्टीलच्या डब्यात, तिखट काचेच्या बरणीत, तेल किटलीत, आणि पाकीट कचऱ्याच्या बादलीत. मांडणीवर एकसारखे डबे ओळीने लागले की स्वयंपाकघराला शोभा येते, मान्य. पण त्या क्षणाला मालाचं नाव-गाव पुसलं जातं. उद्या एखाद्या हळदीचा बॅच परत मागवला तर तुमच्या डब्यातली हळद ती की दुसरी, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यातून जुन्या हळदीवर नवी ओतलेली असेल तर बोलायलाच नको.

आमच्या घरी आता एक सोपी सवय आहे. पाकीट कापताना बॅच नंबर, तारीख आणि चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक असलेली पट्टी वेगळी कापायची आणि डब्याच्या झाकणात आतून ठेवायची. तेलकट होत असेल तर डब्याला रबर लावून त्यात खोचायची. डबा घासायला जाईपर्यंत ती पट्टी तिथेच राहते. सुरुवातीला घरात थट्टा झाली, आता पट्टी नसली तर तीच मंडळी विचारतात.

गोळ्यांचीही तीच गत. औषधाच्या दुकानात आपण म्हणतो, "चारच द्या." दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो आणि बॅच नंबर, मुदतीची तारीख असलेलं टोक त्याच्याकडे राहतं. तुमच्या हातात येतो चांदीचा चौकोन, ज्यावर कधीकधी नावही अर्धंच असतं. दुकानदाराला स्पष्ट सांगा, नंबर बिलावर लिहून द्या. आणि घरी ते बिल गोळ्यांभोवतीच गुंडाळून ठेवा. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालंय. फोनने स्कॅन केलं की उत्पादक, बॅच आणि मुदत दिसते. पण कोड असलेला भाग दुकानातच कापला गेला तर स्कॅन कशाचं करणार?

पावती नाही. पैसे परत मिळतील?

पावती असेल तर काम सोपं, नसेल तर अगदीच बंद नाही. यूपीआयचा मेसेज, कार्डाचं विवरणपत्र, ऑनलाइन ऑर्डरचा ईमेल, वस्तूवरचा बॅच नंबर, हे सगळं चालतं.

ऑनलाइन खरेदीत एक फायदा लपलेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला मानकाबाहेरचे २,२६५ प्रेशर कुकर परत मागवायला सांगितले, आणि त्याच महिन्यात फ्लिपकार्टला ५९८. हे आकडे इतके नेमके कसे? कारण प्रत्येक खरेदीदाराचं नाव, पत्ता, फोन त्यांच्याकडे होता. तोच कुकर तुम्ही मंडईच्या कोपऱ्यावरून रोखीने घेतला असता तर तुम्हाला कुणी आणि कसं कळवलं असतं? म्हणून किराणा दुकानात उठसूट मोबाइल नंबर मागतात तेव्हा मीही देत नाही, पण कुकर, गिझर, हेल्मेट, इस्त्री घेताना बिलावर नाव-नंबर आवर्जून लिहून घेतो. वॉरंटी कार्डही भरतो. पूर्वी भरत नव्हतो, ड्रॉवरमध्ये दहा वर्षांची कोरी कार्डं निघाली.

कुकरवरचा आयएसआय शिक्का खरा की खोटा, हे कसं ओळखायचं?

नुसता शिक्का बघून नाही ओळखता येत, साचा कुणीही बनवतो. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी आयएस २३४७. खाली सीएम/एल या अक्षरांनंतर परवान्याचे आकडे असतात. 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप फोनवर घ्या, त्यात ते आकडे टाका. उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की संपलाय, ते येतं. कुकरवर वेगळंच नाव आणि ॲपमध्ये वेगळंच, तर समजून जा. घरगुती कुकरला हा शिक्का १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून. दुचाकीच्या हेल्मेटवर आयएस ४१५१ शोधा. चार्जर, पॉवर बँक यांवर शिक्क्याऐवजी 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो.

जाता जाता: शिक्का खरा असला तरी रिंग कडक झालेली, सेफ्टी व्हॉल्व्ह दुसऱ्याच कंपनीचा आणि शिट्टीच्या भोकात डाळीचं साल अडकलेलं असेल तर तो कुकर कुठल्याही मानकाचा राहत नाही. शिट्टी काढून भोक उजेडाकडे धरा. आरपार दिसलं पाहिजे.

सेकंडहँड गाडी घेतली. तिचा रिकॉल मला लागू होतो?

होतो. रिकॉल मालकाच्या नावावर नसतो, चेसिस नंबरवर असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर सतरा अक्षरांचा तो क्रमांक टाका, आर. सी. वर मिळेल. काम फुकट करून देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्यातल्या ११०-अ कलमाखाली सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी सरकार सक्तीने रिकॉल लावू शकतं, दंड एक कोटी रुपयांपर्यंत. शोरूमवाले रिकॉल शब्द तोंडून काढत नाहीत, ते म्हणतात "सर्व्हिस कॅम्पेन". असा मेसेज आला तर जाहिरात समजून पुसू नका.

आणि ती सीटबेल्टच्या खाचेत अडकवायची क्लिप, अलार्म गप्प करणारी? मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांच्या पानांवरून अशा १३,११८ नोंदी काढायला लावल्या. तुमच्या गाडीत असेल तर आजच काढून टाका.

सिंगापूरहून मुलीचा फोन आला, आपला मसाला तिथे परत मागवला. इथे कसा विकतात?

एप्रिल २०२४ ची ही गोष्ट. सिंगापूरने एव्हरेस्टचा फिश करी मसाला परत मागवला. हाँगकाँगने त्याच मसाल्यासह एमडीएचचे तीन मसाले थांबवले. कारण इथिलीन ऑक्साइड. हा वायू जंतू आणि बुरशी मारायला वापरतात, आणि दीर्घकाळ शरीरात गेला तर कर्करोगाचा धोका असतो. सिंगापूरच्या खात्याने त्याच वेळी हेही सांगितलं होतं की थोड्या प्रमाणात पोटात गेल्याने लगेच धोका नाही, पण असा संपर्क जितका कमी तितका बरा. दुसरं म्हणजे प्रत्येक देशाची मर्यादा वेगळी, तपासायची पद्धत वेगळी आणि निर्यातीचा बॅचही वेगळा असू शकतो. मुलीला सांगा, तिथल्या सूचनेत दिलेला माल असेल तर परत कर. घरी कुटलेला गोडा मसाला तुम्ही पाठवताच, त्याला हा प्रश्न नाही.

रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे निघाले!

हा व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने येतो. ते पोषक तांदळाचे दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याचा आकार दिलेला असतो, आणि साधारण शंभर किलो तांदळात एक किलो या हिशेबाने ते मिसळतात. रंग थोडा वेगळा, काही दाणे पाण्यावर तरंगतात, म्हणून लोक घाबरतात. निवडून फेकू नका, त्यासाठीच तर ते घातलेत. थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार घरात कुणाला असेल तर मात्र लोहाबद्दल डॉक्टरांना विचारा.

कुठलाही फॉरवर्ड आला की मी तीन गोष्टी शोधतो: तारीख, बॅच नंबर आणि आदेश काढणाऱ्या खात्याचं नाव. तिन्ही नसतील तर पुढे पाठवत नाही. मॅगीचाच घ्या. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने माल परत घ्यायला लावला, १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, आणि नोव्हेंबरपासून विक्री पुन्हा सुरू झाली. पण जूनचा फॉरवर्ड अजून फिरतोय, त्यावर साल नाही म्हणून.

वर्तमानपत्रात बांधलेला वडापाव?

नको. गरम तेलात छपाईची शाई विरघळते, तिच्यात शिशासारखे धातू असू शकतात. २०२३ मध्ये एफएसएसएआयने पुन्हा एकदा बजावलंय. घरून डबा न्या, किंवा तिथेच उभ्याने खा. नाहीतरी वडापाव घरी आणेपर्यंत कोण थांबतं?

पॉवर बँक थोडी फुगलीय, पण चालते.

चालते म्हणून वापरू नका. माझीही फुगली होती. मी शहाणपणा करून तिच्यावर जाड शब्दकोश ठेवला, म्हणजे सपाट होईल! दुसऱ्या दिवशी सांध्यातून गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येऊ लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फुगणं म्हणजे आत वायू तयार झालाय. दाबलं, टोचलं किंवा चार्जिंगला लावलं तर पेट घेऊ शकते. २०१६ मध्ये सॅमसंगसारख्या कंपनीला नोट ७ हा फोन अख्ख्या जगातून मागे घ्यावा लागला, तो बॅटरीमुळेच. फुगलेली बॅटरी गादीपासून, पडद्यापासून लांब, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ओल्या-सुक्याच्या बादलीत टाकली तर ती कचऱ्याच्या गाडीत पेटते.

गॅस सिलिंडरची एक्स्पायरी संपलीय?

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला 'बी-२७' असं काहीतरी रंगवलेलं असतं. ती गॅसची मुदत नसून टाकीच्या पुढच्या तपासणीची तारीख असते. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. तारीख उलटून गेलेली टाकी आली तर घेऊ नका, बदलून मागा. मी तर म्हणतो टाकीपेक्षा नळीकडे बघा. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते आणि ती पाच वर्षांनी बदलायची असते. ओट्याखाली असल्यामुळे ती कुणाला दिसतच नाही.

वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात नाही, लावायलाही नाही नि बंद करायलाही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर असेल तर त्याची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट: खिडकी बंद असताना तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वासही नसतो. तो बाहेर बसवून घ्या.

पार्लरमधून आणलेलं गोरं करणारं क्रीम. लेबलच नाही.

फेकून द्या. अशा क्रीममध्ये पारा निघतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये डॉक्टरांना एकामागून एक मूत्रपिंडाचे रुग्ण दिसले, ज्यांच्यात समान धागा फक्त क्रीमचा होता. वापरत असाल आणि पायांवर सूज किंवा लघवीला फेस येत असेल तर डॉक्टरांना क्रीमबद्दल सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

तक्रार कुठे करायची? आणि होतं का काही?

कुठल्याही वस्तूसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्न आणि औषधांसाठी महाराष्ट्र एफडीए, १८००-२२२-३६५. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

अन्नपदार्थाचा नमुना फी भरून तुम्ही स्वतःही तपासून घेऊ शकता, पण तसा इरादा आहे हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते. कंपनीचा माणूस "सँपल नेतो, बघतो" म्हणत घरी आला तर सगळं देऊ नका. निम्मं ठेवा, फोटो काढा, आणि नेलेल्या भागाची लेखी पोच घ्या.

होतं का काही, याचं उत्तर कडू आहे. जॉन्सनच्या बेबी पावडरचे नमुने एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये घेतले, मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला सप्टेंबर २०२२ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला आणि या दिरंगाईवर ताशेरे ओढले. कंपनीची बाजू खरी की खात्याची, हे सोडा. इतक्या वर्षांत त्या बॅचचे डबे वापरून संपलेसुद्धा.

परत मागवलेलं औषध घरात आहे. मोरीत ओतू का?

नको, ते पाण्यात जातं. झाकण घट्ट लावून, बाटलीवर मार्करने फुली मारून औषधाच्या दुकानात परत द्या. जिवाला धोका असलेला माल असेल तर ७२ तासांत बाजारातून मागे घ्यायचा असतो, त्यामुळे दुकानदाराला ते घ्यावंच लागतं.

आणि कामवाल्या मावशींना देऊ नका. तुम्ही म्हणाल, असं कोण करतं? गेल्या हिवाळ्यात एक ताई टेबलाशी आल्या, खोकल्याच्या औषधाची बातमी वाचून. बॅच विचारला तर म्हणाल्या, बाटली नको वाटली म्हणून मावशींच्या नातवासाठी देऊन टाकली. त्यांना मी तिथूनच फोन करायला लावला. मावशींनी बाटली अजून उघडली नव्हती. खोकंही जपून ठेवलं होतं, आणि त्यावरचा नंबर त्यांनी एकेक अक्षर करत फोनवर वाचून दाखवला.